वेंगुर्ल्याच्या वखारीला तांदूळ कोणी दिला?

(सामुदायिक रेडिओवरून बचत गटांसाठी सादर झालेलं भाषण)

कामं आवरून बसलात ना? चुलीवर काही असेल तर तेवढं उतरवून घ्या आणि मग ऐका. आज आम्ही पिंगुळीच्या बायका तुम्हांला वेंगुर्ल्याला घेऊन जाणार आहोत. भाडं नाही, डबा नाही, फक्त कान द्यायचे.

सुरुवात आमच्या एका चुकीपासून करतो. आमच्या पिंगुळीत चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्या बघायला लांबून माणसं येतात. ठाकर समाजाच्या घरांनी ही कला पिढ्यान् पिढ्या सांभाळली. त्यातल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली, हे तुम्हांला माहीत आहेच. तर असेच काही पाहुणे आले होते. चहा पिता पिता त्यांनी आम्हांला विचारलं, "वेंगुर्ल्याला एक जुनी दुमजली इमारत आहे म्हणे, ती कसली?" आमच्यातली एक पटकन म्हणाली, "ती पोर्तुगीजांची. राजवाडो होतो थय." बाकीच्यांनी माना डोलावल्या.

संध्याकाळी तेच पाहुणे परतीच्या वाटेवर पुन्हा थांबले. रागावले नव्हते, हसत होते. म्हणाले, "ताई, तो राजवाडा नाही आणि पोर्तुगीजांचाही नाही. ती डचांची वखार आहे." पोर्तुगीज तर त्या डचांचे शत्रू! आम्ही काय बोलणार? पिंगुळीहून वेंगुर्ला पंचवीस किलोमीटरच्या आत. तिथला बाजार आम्ही कितीदा केला, मासे आणले, लग्नाला गेलो. पण त्या भिंतींकडे कधी मान वर करून बघितलं नव्हतं.

पुढच्या बैठकीत बचतीचे पैसे जमा झाल्यावर हा विषय निघाला. गटातल्या दोघींनी पर्यटकांना घरगुती जेवण द्यायला नुकतीच सुरुवात केली होती. त्या म्हणाल्या, "आमच्याकडे येणारा माणूस विचारणारच. दर वेळी खोटं सांगायचं का?" मग ठरलं, आपणच जाऊन बघायचं, विचारायचं, वाचायचं. सुनेच्या फोनवर, मुलीच्या पुस्तकात, वाचनालयातल्या जुन्या गॅझेटिअरमध्ये जे सापडलं आणि आम्ही डोळ्यांनी जे बघितलं, ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

आधी हे डच कोण ते सांगतो. युरोपात समुद्राच्या काठी हॉलंड नावाचा सखल मुलुख आहे. आज त्या देशाला नेदरलँड्स म्हणतात. तिथली माणसं म्हणजे डच. आपल्या जुन्या मराठी कागदांत त्यांना 'वलंदेज' म्हटलंय. पोर्तुगीजांना 'फिरंगी', फ्रेंचांना 'फरासीस' आणि डचांना 'वलंदेज'. म्हणजे आपल्या पूर्वजांना हे सगळे वेगवेगळे ओळखता येत होते. सगळ्या गोऱ्यांना एकाच टोपलीत टाकण्याची चूक आम्ही केली, त्यांनी केली नव्हती.

पोर्तुगीज गोव्यात आले १५१० साली. मिरी, दालचिनी, लवंग असा मसाल्याचा माल समुद्रमार्गे युरोपात न्यायचा आणि तिथे चढ्या भावानं विकायचा, हा त्यांचा धंदा. सुमारे शंभर वर्षं त्यात त्यांना मोठा स्पर्धक नव्हता. पुढे यान हाउखेन फान लिन्सखोतेन नावाचा एक डच माणूस गोव्याच्या आर्चबिशपच्या पदरी नोकरीला राहिला. त्यानं सगळं नीट बघून ठेवलं आणि मायदेशी परतल्यावर १५९६ साली पुस्तक छापलं. समुद्राच्या वाटा, वारे, बंदरं, माल, सगळं त्यात आलं. गुपित फुटलं. १६०२ साली डच व्यापाऱ्यांनी आपली ईस्ट इंडिया कंपनी काढली. तिचं पूर्वेकडचं मुख्य ठाणं जावा बेटावर बटाव्हिया इथे होतं, म्हणजे आजचं जकार्ता.

आता आपलं वेंगुर्ला या गोष्टीत कुठे आलं? डचांना पोर्तुगीजांचा व्यापार मोडायचा होता. गोवा जिंकणं सोपं नव्हतं. मग त्यांनी वेगळी युक्ती काढली. गोव्याच्या नदीच्या तोंडावर आपली जहाजं आडवी उभी करायची. आतलं जहाज बाहेर नाही, बाहेरचं आत नाही. याला नाकेबंदी म्हणतात. १६३७ पासून पुढची काही वर्षं ही नाकेबंदी दर हंगामात चालली.

हंगाम म्हणजे काय हे आपल्या बायकांना वेगळं सांगायला नको. पावसात समुद्र बंद. नारळी पौर्णिमेनंतर होड्या बाहेर पडतात आणि पुढच्या पावसाआधी वर ओढून शाकारतात. डचांची मोठी जहाजंही याच नियमानं बांधलेली. पाऊस सरला की यायचं, पाऊस लागण्याआधी निघायचं. मधले सात-आठ महिने जहाज पाण्यावर, आणि जहाजावर शेकडो माणसं. आता तुम्हीच हिशेब करा. शंभर माणसांच्या एका लग्नाला किती तांदूळ लागतो? किती पाणी, किती लाकूडफाटा? इथे तर रोजच लग्न, तेही महिनोन् महिने.

समुद्रात उभं राहून खाणार काय? खारं पाणी पिता येत नाही. लाकडी पिंपात भरलेलं गोडं पाणी काही दिवसांनी हिरवं पडतं, वास मारतं. ताजी भाजी-फळं मिळाली नाहीत की हिरड्या सुजतात, रक्त येतं, जुन्या जखमा उघडतात, माणूस मरतो. त्या रोगाला स्कर्व्ही म्हणतात. त्या काळी तोफेच्या गोळ्यांपेक्षा अशा आजारांनी जास्त खलाशी दगावले. म्हणून जवळच एखादं मित्रबंदर हवं होतं, जिथे पाणी भरता येईल, तांदूळ मिळेल, आजारी माणूस उतरवता येईल.

असं बंदर गोव्याच्या उत्तरेला अगदी शेजारी होतं. ते वेंगुर्ला. तेव्हा हा मुलुख विजापूरच्या आदिलशहाच्या सत्तेखाली होता. १६३७ साली योहान फान त्विस्त नावाचा डच वकील विजापूर दरबारी गेला. परवानगी मिळाली आणि वेंगुर्ल्यात डचांची वखार सुरू झाली. वखार म्हणजे नुसतं गोदाम नव्हे. माल ठेवायचा, हिशेब लिहायचे, अधिकाऱ्यांनी राहायचं आणि वेळ आलीच तर आतून बंदूक चालवायची. म्हणून त्या भिंती इतक्या जाड.

१६४८ साली ताव्हर्निये नावाचा एक फ्रेंच जवाहिऱ्या वेंगुर्ल्याला येऊन गेला. त्यानं आपल्या प्रवासवर्णनात या बंदराचं कौतुक केलंय. युरोपीय लोक तेव्हा वेंगुर्ल्याला 'मिंग्रेला' म्हणत. त्यानं लिहिलंय की जहाजं नांगरायला ही जागा उत्तम, इथलं पाणी चांगलं, तांदूळ चांगला, आणि वेलची तर विशेष. गोव्याची नाकेबंदी करताना डच इथूनच शिधा नेतात, हेही त्यानं नोंदवलंय.

हे आम्ही बैठकीत वाचून दाखवलं तेव्हा आमच्यातली सगळ्यात वयस्कर काकी मध्येच म्हणाली, "तांदूळ चांगलो, ता बरा झाला. पण कांडलो कोणी?"

आम्ही सगळ्या गप्प झालो. मैत्रिणींनो, या प्रश्नासाठीच आजचं हे भाषण आहे.

शेतात पिकतं ते भात. तांदूळ शेतात पिकत नाही. भात उकडायचं, सुकवायचं, वायनात घालून मुसळानं कांडायचं, सुपानं पाखडायचं, तेव्हा कुठे तांदूळ होतो. तेव्हा गिरणी नव्हती. कोकणात गिरणी दारात येईपर्यंत, म्हणजे आमच्या आज्यांच्या काळापर्यंत, हे काम बायकांचंच होतं. पहाटे उठून कांडायला बसायचं, दोघी समोरासमोर, एकीचं मुसळ वर तर दुसरीचं खाली. हात सोलायचे, खांदे भरून यायचे. एक पायली तांदूळ करायला किती वेळ जातो हे त्या काकीनं हातानं करून बघितलंय. जहाजाच्या पोटात गेलेला प्रत्येक दाणा असाच कोणाच्या तरी मुसळाखालून गेला होता.

पाण्याचंही तसंच. पाणी आडावर असतं, जहाज समुद्रात असतं. मधलं अंतर कोणाच्या तरी डोक्यावरून आणि कमरेवरून कापलं जातं. सरपणाच्या मोळ्या, नारळ, सुकी मासळी, काथ्याची सुंभं, यांपैकी कोणतीही वस्तू आपोआप बंदरावर येत नाही. तोफा डचांच्या होत्या, पण तोफेमागे उभ्या असलेल्या माणसाच्या पोटात आपल्या कोकणचा भात होता. १६३९ साली डचांनी मुरगावच्या बंदरात शिरून पोर्तुगीजांची मोठी जहाजं जाळली. इतिहासाच्या पुस्तकात ती लढाई सापडते. त्या लढाईचा शिधा कोणी कांडला ते सापडत नाही.

आणखी एक गोष्ट सांगतो. याच कंपनीनं १६५२ साली आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला एक ठाणं घातलं. कशासाठी? येणाऱ्या-जाणाऱ्या जहाजांना ताजी भाजी आणि पाणी मिळावं म्हणून. तिथे कंपनीचा भाजीचा मळा होता. त्या मळ्याभोवती पुढे केपटाऊन हे मोठं शहर उभं राहिलं. वेंगुर्ल्याची वखार त्याच्याही पंधरा वर्षं आधीची. म्हणजे जगाचा व्यापार कोण करणार, याचा निकाल लावण्यात स्वयंपाकाच्या सामानाचा हात केवढा मोठा होता बघा. आपण मात्र म्हणतो, "आमी काय, रांधतों नि वाढतों."

आता दुसऱ्या बाजूच्या बायकांबद्दल ऐका. डच कंपनी हिशेबाला फार पक्की. जहाजावर चढणाऱ्या माणसाचं नाव, गाव, पगार, सगळं वहीत लिहायची. अशा पगारवह्यांतल्या लाखो माणसांच्या नोंदी आजही नेदरलँड्समध्ये हेग शहराच्या सरकारी दप्तरखान्यात आहेत. कंपनीचे कागद २००३ साली युनेस्कोनं जगाचा ठेवा म्हणून नोंदवले. त्या वह्यांत एक व्यवस्था दिसते. खलाशी चाकरीला निघताना एक चिठ्ठी करून देऊ शकत असे. त्या चिठ्ठीवर त्याच्या बायकोला किंवा आईबापाला वर्षाकाठी तीन महिन्यांपर्यंतचा पगार घरबसल्या मिळायचा. उरलेला पगार तो परत आल्यावर. आणि अनेक जण परत यायचेच नाहीत.

म्हणजे तिकडे समुद्राकाठच्या गावात एक बाई तीन महिन्यांच्या पैशात बारा महिने काढायची, आणि इकडे वेंगुर्ल्यात दुसरी बाई तिच्या नवऱ्याच्या जेवणासाठी भात कांडायची. दोघींनी एकमेकींचं तोंड कधी बघितलं नाही. मुंबईला, आखाताला किंवा बोटीवर कामाला गेलेल्या नवऱ्यांची मनीऑर्डर बघत आपल्या कितीतरी घरांनी दिवस काढलेत. त्या तिकडच्या बाईचं दुःख आपल्याला परकं वाटत नाही. फरक इतकाच, की तिला चिठ्ठी होती. आपल्या कांडणारणीचं नाव कंपनीच्या पगारवहीत येण्याचं कारणच नव्हतं. ती कंपनीची चाकर नव्हती.

या कंपनीची दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर अर्धंच सांगितलं असं होईल. मसाल्याबरोबर ती माणसांचाही व्यापार करायची. भारताच्या किनाऱ्यांवरून बायका-पुरुषांना विकत घेऊन दूरच्या बेटांवर गुलाम म्हणून न्यायची. दुष्काळ पडला की हा बाजार तेजीत यायचा. १६७७ साली शिवाजी महाराज दक्षिणेच्या मोहिमेवर असताना त्यांनी तमिळ मुलखात डचांना व्यापाराचा कौल दिला. त्या कौलात त्यांनी स्पष्ट घातलं, की आधीच्या राजवटीत तुम्हांला बायका-पुरुष गुलाम म्हणून विकत घेऊन नेता येत होतं, माझी सत्ता आहे तोवर ते चालणार नाही. व्यापार करा, पण माणसं नेऊ नका. महाराजांबद्दल आपण खूप ऐकतो. ही गोष्ट मात्र आपल्या मुलींना आवर्जून सांगण्यासारखी आहे.

महाराजांचा आणि वेंगुर्ल्याच्या वखारीचा आणखीही संबंध आहे. वखारीतले अधिकारी आजूबाजूच्या बातम्या वरच्या कचेरीला लिहून पाठवायचे. १६७४ साली रायगडावर राज्याभिषेक झाला. त्याची हकीकत त्याच वर्षी वेंगुर्ल्याच्या वखारीचा प्रमुख अब्राहम लेफेबर यानं पत्रातून कळवली. आज इतिहासकार राज्याभिषेकाबद्दल लिहिताना जी परदेशी पत्रं बघतात, त्यांत हे पत्र आहे. आपल्या जिल्ह्यातल्या एका खोलीत, समईच्या नाहीतर मेणबत्तीच्या उजेडात ते लिहिलं गेलं.

पण ते दिवस सुखाचे नव्हते. विजापूरकर, मराठे, सावंत, मुघल, सगळ्यांना हा किनारा हवा होता. १६६४ सालची गोष्ट घ्या. कुडाळला, म्हणजे आमच्या पिंगुळीला लागूनच, विजापूरचा सरदार खवासखान आणि महाराज यांची गाठ पडली. त्याच वर्षी मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याचं काम सुरू झालं. जुनं गॅझेटिअर सांगतं, की त्याच वर्षी वेंगुर्ला गाव जाळलं गेलं. १६७५ साली मुघल सैन्यानं ते पुन्हा पेटवलं. सतराव्या शतकाच्या अखेरीला डचांचा इथला कारभार संपला आणि सावंतांचा अंमल बसला. गोव्याची नाकेबंदी तर त्याआधीच इतिहासजमा झाली होती. डचांनी १६६३ साली कोची घेतलं आणि त्यांचं लक्ष खाली मलबारकडे गेलं. वेंगुर्ला त्यांना पूर्वीइतकं गरजेचं राहिलं नाही. पुढे १८१२ साली हे बंदर इंग्रजांकडे गेलं.

गाव जळतं तेव्हा राजे कोण आणि सैन्य कोणाचं हे पुस्तकात लिहितात. भाताची कणगी वाचवायची की पोर उचलायचं, हा प्रश्न ज्यांना पडला असेल त्या बायकाच असणार. दोनदा जळलेलं गाव दोन्ही वेळा पुन्हा वसलं. ते कोणाच्या कष्टानं, हे तुम्हांला सांगायला नको.

चला, आता प्रत्यक्ष जाऊ या. आम्ही पौषात एका सकाळी निघालो. पिंगुळीहून मठ गावावरून वेंगुर्ल्याचा रस्ता आहे, एसटी मिळते. बाहेरून येणाऱ्यांना कुडाळ रेल्वे स्टेशन जवळ पडतं. वेंगुर्ल्यात उतरून वखारीपाशी गेलो तेव्हा एक जण म्हणाली, "थय बघूक काय आसा? चार भिंती नि वर आभाळ." खरंच तसंच आहे. छप्पर केव्हाच गेलेलं. उंच दुमजली भिंती, दारं-खिडक्यांची रिकामी तोंडं, भेगांत मुळं घुसवून उभी राहिलेली झाडं. ही वखार राज्य सरकारनं संरक्षित स्मारक म्हणून जाहीर केलेली आहे. पण पावसाचं पाणी आणि झाडाची मुळं कागद वाचत नाहीत.

आम्ही भिंतीला हात लावून बसलो. इथे माल उतरत असेल, इथे मापाड्या माप घेत असेल, इथे कारकून लिहीत असेल. मग काकीनं विचारलं, "नि आमी खंय उभे रवलों असतों?" थोडा विचार करून आम्हीच उत्तर दिलं, "दाराच्या भायर, डोक्यावर टोपली घेऊन." हसलो, पण ते हसू लगेच विरलं.

वखार बघून आम्ही बंदराकडे गेलो. वेंगुर्ल्यात बघण्यासारखं पुष्कळ आहे. बंदराचा धक्का आहे, टेकडीवर दीपगृह आहे. धक्क्यावरून लांब समुद्रात खडकाळ बेटं दिसतात, त्यांना वेंगुर्ला रॉक्स म्हणतात. तिथल्या गुहांत पाकोळ्या आपल्या लाळेची घरटी बांधतात. त्या घरट्यांना परदेशात मोठी किंमत असल्यानं त्यांची चोरी व्हायची, म्हणून ती बेटं जपावी लागतात. जवळच वायंगणीच्या किनाऱ्यावर समुद्री कासवं अंडी घालायला येतात, आणि गावकरी ती अंडी राखतात. दक्षिणेला शिरोड्याची मिठागरं आहेत, जिथे १९३० साली मिठाचा सत्याग्रह झाला. त्याच्याही पुढे रेडीचा यशवंतगड आणि तेरेखोलची खाडी. पलीकडे गोवा.

पण आम्हांला सगळ्यांत जास्त आवडली ती मांडवीची खाडी. वेंगुर्ला बंदराजवळच ती समुद्राला मिळते. तिथे मासेमार घरांतल्या बायकांचा स्वामिनी नावाचा बचत गट २०१७ सालापासून पर्यटकांना होडीतून कांदळवन दाखवतो. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या एका प्रकल्पातून या कामाला हात मिळाला. बायकाच वल्ही मारतात, बायकाच माहिती सांगतात.

आम्ही लाइफ जॅकेट चढवून होडीत बसलो. आमच्यातल्या निम्म्या आयुष्यात पहिल्यांदा होडीत बसत होत्या. वल्ही पाण्यात पडली आणि सगळ्या चिडीचूप. दोन्ही बाजूंनी हिरवी भिंत. वल्हवणारी बाई सांगत होती, हा कांदळ, याची मुळं बघा, चिखलात पाय रोवून उभा आहे. ही तिवर, हिची मुळं चिखलातून वर येऊन श्वास घेतात. ही चिपी. या मुळांत कोळंबी, चिंबोऱ्या, माशांची पिल्लं वाढतात. कांदळ गेला तर मासळी गेली. मोठी लाट आली, वादळ आलं, तर हीच झाडं काठ धरून ठेवतात. आम्ही विचारलं, "हे सगळं कुठे शिकलात?" ती म्हणाली, थोडं प्रशिक्षणात, बाकी जन्मापासून चिखलातच आहोत की!

आमच्या मनात आलं, याच किनाऱ्यावर पावणेचारशे वर्षांपूर्वी परदेशी जहाजांना शिधा जात होता. तेव्हा बायकांचे कष्ट होते आणि नाव कोणा दुसऱ्याचं होतं. आज होडीवर नाव बायकांच्या गटाचं आहे, पैसे गटाच्या खात्यात जातात, आणि गोष्टही त्याच सांगतात. बदल एवढाच, पण तो लहान नाही.

नेदरलँड्समध्ये होर्न, एन्कहाउझेन अशी जुनी बंदरगावं आहेत. कंपनीची जहाजं तिथून सुटायची. आज लोक तिथे होडीतून फिरतात, सायकलवरून हिंडतात, जुन्या इमारती बघतात, आणि गावाला त्यातून चार पैसे मिळतात. तीच कंपनी, तोच काळ. त्यांच्याकडे इमारत जपली गेली आणि आपल्याकडे तिच्यावर झाड वाढलं. आपला जिल्हा १९९७ साली पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. पर्यटक येतात, समुद्र बघतात, मासे खातात, जातात. त्यांना वखारीची गोष्ट कळली तर ते अर्धा दिवस जास्त थांबतील. अर्धा दिवस थांबले तर एक जेवण जास्त जेवतील. हा हिशेब आपल्या गटाच्या वहीत मांडता येतो. पण गोष्ट खरी हवी. पोर्तुगीजांचा राजवाडा सांगून आम्ही एकदा फजिती करून घेतली, तुम्ही करून घेऊ नका.

तुमच्या गटाला जायचं असेल तर या चार गोष्टी लक्षात ठेवा. पाऊस सरल्यावर, थंडीत जा. होडीसाठी भरती-ओहोटीची वेळ आधी विचारून घ्या, ओहोटीला खाडीत पाणी कमी असतं. लाइफ जॅकेट घातल्याशिवाय होडीत पाय टाकू नका. वखारीत भिंतीवर चढू नका, दगड सैल आहेत, आणि गवतात जनावर असू शकतं. सोबत आजी न्या आणि नातही न्या. आजी कांडणाचं सांगेल, नात ते फोनमध्ये भरून ठेवील.

आणि भिंतीवर नाव कोरू नका. आम्ही तिथे कितीतरी नावं कोरलेली बघितली. दगडावर खिळ्यानं ओढलेलं नाव एका पावसात शेवाळतं आणि भिंत मात्र कायमची दुखावते. नाव लिहायचं असेल तर त्यासाठी वही आहे.

परत आल्यावर आम्ही तेच केलं. गटाच्या इतिवृत्ताच्या वहीत, जिथे एरवी कर्ज आणि हप्ते असतात, तिथे पाठीमागची पानं मोकळी सोडली. काकीला समोर बसवलं. तिच्या आईचं नाव, तिच्या सासूचं नाव, कोण किती पायली कांडायची, कोणत्या विहिरीचं पाणी आणायची, बाजाराला कोणत्या वाटेनं चालत जायची, सगळं लिहून घेतलं. तीन पानं भरली. काकी म्हणाली, "ह्यां कोण वाचतला?" आम्ही म्हटलं, "काकी, कोणीतरी वाचतला. वलंदेजांच्या वह्या आजून वाचतत मां?"

तुमच्या गटातही अशी एक काकी असेल. पुढच्या बैठकीत हप्ते जमा झाल्यावर तिला थोडा वेळ थांबवून घ्या, आणि वही उघडा.